इंटरव्हल ओळखता येतात, पण ट्यून सुरू झाली की कॉर्ड ऐकू येत नाहीत

दुसरंवर्ष_टेनर

विद्यापीठातला जॅझचा अभ्यासक्रम, दुसरं वर्ष, वाद्य टेनर सॅक्सोफोन. ॲपवर इंटरव्हल (दोन स्वरांमधलं अंतर) ओळखणं जमतं. पियानोवर एखादी सुटी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवली तर मेजर सेव्हन, मायनर सेव्हन, डॉमिनंट, हाफ डिमिनिश्ड यातली कोणती हेही सांगता येतं. अडतं ते त्यापुढे. रेकॉर्डिंग लावलं की बेस, पियानो, ड्रम सगळं एकदम अंगावर येतं आणि चौथ्या बारपर्यंत (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) हार्मनी, म्हणजे कॉर्डची चाल, कुठे गेली याचा पत्ताच लागत नाही. पुढच्या सत्राच्या परीक्षेत ३२ बारची अनोळखी ट्यून चार वेळा ऐकवून कॉर्ड लिहायला सांगणार आहेत.

इंटरव्हलचाच सराव वाढवायचा का? विचार कशात करावा: दो-रे-मी, आकडे, की सरगम? सोलो उतरवून घेताना स्पीड कमी केला तर चालतं, की ती पळवाट आहे? आणि रोज पाऊण तासच मिळत असेल तर तो कशावर घालवावा? ॲब्सोल्यूट पिच (संदर्भाशिवाय स्वराचं नाव सांगता येणं) नाही, हे आधीच सांगतो.

गाईडटोन

इंटरव्हलचा सराव वाढवू नका, उलट आवरता घ्या. दोन सुटे स्वर ऐकून अंतर सांगणं आणि चालू संगीतात स्वर ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही.

सी मेजरमध्ये सी ते ई हा मेजर थर्ड आणि जी ते बी हाही मेजर थर्ड. पण पहिल्यातला ई निवांत बसलेला असतो, दुसऱ्यातला बी वरच्या सीकडे ओढत असतो. कानाला आधी ही ओढ कळते, अंतर नंतर. ॲप मात्र प्रत्येक प्रश्नाला आधीची पट्टी पुसून टाकतं, म्हणजे तुम्हाला जे कळायला हवं तेच काढून घेतं. शिवाय वेळेचा हिशेब बघा. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत एक एट्थ नोट ०.१५ सेकंद टिकते. तेवढ्यात ‘हा मायनर सिक्स्थ’ असं मनात म्हणून होत नाही. तिसरा तोटा सगळ्यात वाईट: अंतरांची साखळी धरून गेलात आणि एक कडी चुकली, की पुढचं सगळं अर्ध्या स्वराने सरकलेलं निघतं. पट्टीतल्या जागेवरून ऐकलंत तर चूक झाली तरी त्या एका स्वरापुरतीच राहते.

म्हणून पहिला सराव हा. कोणत्याही पट्टीत १-४-५-१ (पहिल्या, चौथ्या, पाचव्या पायरीवरच्या कॉर्ड आणि परत पहिली) वाजवा, म्हणजे कानात पट्टी बसते. मग कुणाकडून तरी (किंवा रेकॉर्ड करून ठेवून) एक स्वर वाजवून घ्या. त्याची पायरी सांगा आणि तिथून आवाजात गात घरी या: ४ असेल तर ४-३-२-१, ६ असेल तर ६-७-१. आधी पट्टीतले सातच स्वर. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की उरलेले पाच घाला. स्वर वेगवेगळ्या सप्तकांत हवेत आणि नेहमी पियानोवरचेच नकोत, नाहीतर कान स्वराऐवजी त्या वाद्याचा रंग पाठ करतो.

दुसरा सराव गाईड टोनचा. यात जॅझची बहुतेक हार्मनी येते. कॉर्डचा गुण तिचा थर्ड आणि सेव्हन्थ (मूळ स्वरापासूनचा तिसरा आणि सातवा) ठरवतात, तेच गाईड टोन. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन घ्या. एक ओळ एफ–एफ–ई, दुसरी सी–बी–बी. दर वेळी एक स्वर जागेवर राहतो आणि दुसरा अर्ध्या स्वराने खाली येतो. २-५-१ (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या, पहिल्या पायरीवरच्या याच तीन कॉर्ड) कानाने ओळखणं म्हणजे हे खाली येणं ऐकणं. डाव्या हाताने फक्त मूळ स्वर वाजवा, एक ओळ गा, मग दुसरी. सी मेजर सेव्हनवर पोचलात की तीच कॉर्ड मायनर सेव्हन करा: ई चा ई फ्लॅट, बी चा बी फ्लॅट, दोन्ही अर्धा स्वर खाली, आणि तुम्ही बी फ्लॅटच्या २-५-१ मध्ये आलात. असं सी, बी फ्लॅट, ए फ्लॅट, जी फ्लॅट, ई, डी. दुसऱ्या दिवशी बी पासून सुरू करून उरलेल्या सहा पट्ट्या. आवाजाची मर्यादा आली की सप्तक बदला, ओळ मोडली तरी चालेल.

इथे एकच चूक सगळे करतात: आधी वाजवतात, मग गातात. त्यात कानाला काही कामच उरत नाही, गळा नुसती नक्कल करतो. गायचं आधी आणि वाद्य फक्त तपासायला. स्वर खालून घसरत लावायचा नाही, सरळ त्यावर जायचं. घसरत गेलं की शोधतोय की सापडलंय हे स्वतःलाही कळत नाही.

आणि सुटी कॉर्ड रूट पोझिशनमध्ये (मूळ स्वर सगळ्यात खाली) ओळखणं आता बंद करा. खरा पियानोवादक बेस असताना मूळ स्वर वाजवतच नाही. डी मायनर सेव्हनसाठी तो एफ-ए-सी-ई धरतो, म्हणजे वरवर एफ मेजर सेव्हनच. पुढच्या जी सेव्हनसाठी फक्त सी चा बी करतो: एफ-ए-बी-ई, यात सेव्हन्थ, नाइन्थ, थर्ड, थर्टीन्थ सगळं आलं. ॲपवर शंभर टक्के मिळवणाऱ्याचा बँडमध्ये गोंधळ उडतो त्याचं निम्मं कारण हे. या दोन व्हॉइसिंग (स्वरांच्या मांडण्या) एकामागोमाग वाजवा आणि तो एकच हलणारा स्वर गा. बाकी तीन स्वर कानाला आपोआप पार्श्वभूमी वाटायला लागतात.

खालचा_ई

वरचं सगळं मान्य, पण क्रम उलटा लावेन. आधी बेस. वरची कॉर्ड काय हे नंतर, कारण एफ-ए-सी-ई ही डी मायनर आहे की एफ मेजर हे बेसशिवाय ठरतच नाही.

डबल बेसची सगळ्यात खालची ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. फोनच्या स्पीकरमध्ये तो मूळ स्वर येतच नाही, कान वरच्या ओव्हरटोनवरून तो अंदाजाने भरून काढतो. तेव्हा हेडफोन लावा आणि ऐकलेला स्वर लगेच आपल्या आवाजाच्या सप्तकात गा. गायलेला स्वर लक्षात राहतो, खर्जातली गुरगुर राहत नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बेस दबलेला असेल तर इक्वलायझरने १०० ते २५० हर्ट्झचा भाग थोडा उचला आणि झांजांचा वरचा भाग खाली आणा.

वॉकिंग बेसमध्ये (दर ठोक्याला एक स्वर वाजवत चालणारा बेस) चारही ठोके धरायला जाऊ नका. पहिल्या ठोक्यावर बहुधा मूळ स्वर असतो. चौथ्यावर बहुतेक वेळा पुढच्या मूळ स्वराला अर्ध्या स्वराने किंवा पाचव्यावरून भिडणारा स्वर असतो, तो कॉर्डचा नसेलही. त्यामुळे पहिले ठोके तेवढे गोळा करा. फसायची जागा: एकच कॉर्ड दोन बार चालली तर दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर बेसवाला हमखास पाचवा किंवा तिसरा स्वर टाकतो, आणि विद्यार्थी तिथे नवी कॉर्ड लिहून मोकळा होतो. वरचे गाईड टोन हलले नसतील तर कॉर्ड बदललेली नाही.

शक्य असेल तेव्हा कॉर्ड हेडमध्ये (ट्यूनची मूळ धून वाजते तो भाग) उतरवा, सोलोमध्ये नाही. हेडच्या वेळी बेस अनेकदा बारला दोनच स्वर वाजवतो आणि ते साधे असतात. सोलो रंगात आला की पियानो आणि बेस दोघेही पर्यायी कॉर्ड घालायला लागतात.

‘कोणता स्वर’ यापेक्षा ‘कुठे गेला’ हे विचारा. स्टँडर्डमध्ये बेसच्या चाली मोजक्या आहेत: चौथ्याने वर (म्हणजेच पाचव्याने खाली), अर्ध्या स्वराने खाली, स्वराने वर किंवा खाली, आणि थर्डने खाली. पहिलीच इतकी वेळा येते की ती नसेल तेव्हाच कान टवकारायचे.

चार वेळा ऐकण्याची वाटणी अशी करा. पहिल्यांदा एकही कॉर्ड लिहायची नाही. फक्त फॉर्म (एएबीए की एबीएसी, एकेक अक्षर म्हणजे आठ बारचा तुकडा), पट्टी, शेवटची कॉर्ड मेजर की मायनर, आणि कागदावर ३२ रिकामे बार आखून घ्यायचे. एएबीए असेल तर ओझं निम्मं झालं, ८ बार ए चे आणि ८ ब्रिजचे (म्हणजे मधल्या बी चे), एवढंच ऐकायचं. दुसऱ्यांदा ए चे पहिले ठोके. तीन वेळा येतो, त्यामुळे एकाच ऐकण्यात तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा ब्रिजचा बेस, आणि ए येताना कॉर्डचे गुण. चौथ्यांदा ब्रिजचे गुण आणि शेवटच्या दोन बारचा टर्नअराउंड (परत सुरुवातीकडे नेणाऱ्या कॉर्ड). पहिल्या फेरीत पहिल्या बारशी झगडत बसणाऱ्याचा ब्रिज कोरा राहतो.

कोमल_नी

सरगमचं विचारलंय म्हणून लिहितो. अभ्यासक्रमात जी पद्धत आहे ती परीक्षेपुरती ठेवाच. पण मनातल्या मनात सरगममध्ये विचार केला तर काहीच बिघडत नाही. ती मुळातच फिरत्या दो सारखी आहे, सा कुठेही ठेवता येतो. मायनरमध्ये फिरत्या दो वाल्यांचे दोन पंथ पडतात, मायनरचा पाया ला म्हणायचा की दो. जॅझसाठी पाया तोच ठेवलेला बरा, कारण एकाच ट्यूनमध्ये मेजर-मायनर सारखं अदलाबदल होतं. सरगममध्ये हा प्रश्नच येत नाही, सा तो सा. तोटा एक आहे: कोमल-शुद्धला वेगळी अक्षरं नाहीत, ‘रे’ म्हणताना कोणता रे ते जिभेवर येत नाही. त्यावर उपाय म्हणून आकडे वापरलेत तरी चालेल, मुद्दा पायरीचा आहे.

खरा उपयोग सेकंडरी डॉमिनंट (१ सोडून पट्टीतल्या दुसऱ्या कॉर्डकडे नेणारी डॉमिनंट) पकडायला होतो. पट्टीबाहेरचा एक स्वर आला की तो कुठल्या दिशेला नेतोय हे जवळजवळ ठरलेलं असतं. सा म्हणजे सी धरा:

सी सेव्हन आणतो कोमल नी. तो खाली ध कडे झुकतो आणि कॉर्ड ४ वर, एफवर जाते.
डी सेव्हन आणतो तीव्र म. तो वर प कडे जातो, कॉर्ड ५ वर.
ए सेव्हन आणतो कोमल रे, चढून शुद्ध रे होतो, कॉर्ड २ वर.
ई सेव्हन आणतो कोमल ध, चढून शुद्ध ध होतो, कॉर्ड ६ वर.
बी सेव्हनमध्ये दोन परके स्वर, कोमल ग आणि तीव्र म. कोमल ग चढून शुद्ध ग होतो, कॉर्ड ३ वर. ही तुलनेने कमी भेटते.

आता गंमत अशी की एफ मायनर सेव्हन–बी फ्लॅट सेव्हन–सी ही मागच्या दाराची चालही कोमल ध आणते. ई सेव्हनशी घोळ व्हायला नको का? होत नाही, कारण इथला कोमल ध खाली प वर उतरतो, ई सेव्हनमधला वर चढतो. सूर तोच, दिशा वेगळी. (लिहिताना मात्र पहिला ए फ्लॅट, दुसरा जी शार्प. कान फरक करत नाही, परीक्षक करतो.)

तोच ध मेजर २-५ आणि मायनर २-५ यातला फरकही सांगतो. डी मायनर सेव्हनमध्ये ध शुद्ध, डी हाफ डिमिनिश्डमध्ये कोमल. तेव्हा २ ची कॉर्ड आली की बाकी सोडा आणि फक्त धैवत ऐका. कोमल ऐकू आला तर बहुतेक मायनर घर येणार. ‘बहुतेक’ म्हणायचं कारण, कित्येक संगीतकार मायनरचा २-५ दाखवून मेजरवर उतरतात. ऐकणाऱ्याला चकवायलाच ती युक्ती असते. ‘ऑटम लीव्हज’चे पहिले आठ बार या सरावाला उत्तम आहेत. त्यात आधी मेजरचा २-५-१ आणि लगोलग रिलेटिव्ह मायनरचा (त्याच स्वरांच्या मायनर पट्टीचा) २-५-१ येतो. ३२ बारभर फक्त कॉर्डचे मूळ स्वर गा, मग फक्त थर्ड, मग फक्त सेव्हन्थ.

सा केव्हा हलवायचा हा प्रश्न पुढे येईलच. दोन बारांचा २-५ येऊन गेला तर हलवू नका, त्याला पट्टीतला पाहुणाच समजा. नवी १ ची कॉर्ड येऊन दोन-तीन बार ठाण मांडून बसली तर हलवा. ‘चेरोकी’ (रे नोबल, १९३८) बी फ्लॅटमध्ये आहे. तिच्या १६ बारच्या ब्रिजमध्ये बी, ए, जी अशा मेजर पट्ट्या चार-चार बारांनी एकेका पूर्ण स्वराने उतरतात आणि शेवटच्या चार बारांत वाट परत बी फ्लॅटकडे वळते. तिथे सा न हलवणारा तिसऱ्या बारला बुडतो. आणि गाईडटोन यांनी वर सांगितलेली उतरत्या पट्ट्यांची कसरत नेमकी याच चालीची आहे.

ज्यांनी कान एका स्थिर सा वर पक्का केला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. ड्रोनवर गायलेला शुद्ध ग समान-अंतरी पियानोच्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. ड्रोनवर तो गोड लागतो, बँडमध्ये तोच उतरलेला वाटतो. पायऱ्या ड्रोनवर शिका, गाईड टोन पियानोवर तपासा.

सावकाश_७०

स्पीड कमी करण्यात पळवाट काही नाही, फक्त ती कशासाठी हे पक्कं हवं. पिच न बदलता लय कमी करणारं कोणतंही सॉफ्टवेअर घ्या. ७० टक्क्यांपर्यंत आवाज ठीक राहतो. ५० च्या खाली स्वरांच्या सुरुवाती पसरट होतात, घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे स्वर) गायब होतात आणि स्विंगचा झोल कळेनासा होतो. सावकाश ऐकून स्वर पकडा, पण गायची ओळ मूळ लयीतच. मूळ लयीत गाता येत नसेल तर ती उतरलेली नाही.

लेनी ट्रिस्टानो (१९१९–१९७८) विद्यार्थ्यांना लेस्टर यंग, चार्ली पार्कर अशांचे सोलो रेकॉर्डबरोबर गायला लावायचा, वाद्य हातात घेण्याआधी. क्रम तोच ठेवा: नुसतं ऐकणं, रेकॉर्डबरोबर गाणं, रेकॉर्डशिवाय गाणं, मग वाद्य, मग कागद. एका वेळी दोन ते चार बारच. सॅक्सोफोनवाल्यांची वाईट सवय म्हणजे दुसऱ्या ऐकण्यालाच वाद्य तोंडाला लावून बोटांनी शोधणं. बोटं चार पर्याय वाजवून बघतात, पाचवा जुळतो, आणि कान काहीच शिकत नाही.

सुरुवातीला बीबॉप नको. माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’ वरचा सोलो सोयीचा: दोन कोरस, म्हणजे ६४ बार, जागा भरपूर, आणि हार्मनी दोनच: १६ बार डी डोरियन (डीवरची मायनर छटेची पट्टी), ८ बार ई फ्लॅट डोरियन, ८ बार पुन्हा डी. ब्रिजला अख्खी दुनिया अर्धा स्वर वर सरकते, ते ऐकू आलंच पाहिजे. पण एक खाच आहे. ही ट्यून असलेल्या १९५९ च्या एलपीच्या पहिल्या बाजूवरचे तिन्ही ट्रॅक रेकॉर्डिंग मशीन हळू चालल्यामुळे पाव टोनच्या आसपास चढे निघाले होते, आणि दुरुस्त पिच १९९० च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत आली. जुनी प्रत असेल तर वाद्य जुळणारच नाही आणि उगाच रीडला दोष द्याल. कुठलंही जुनं रेकॉर्डिंग घेतलंत तरी आधी पियानोशी पिच ताडून बघा आणि सॉफ्टवेअरमध्ये सेंटांनी सरकवून घ्या.

टेनरसाठी आणखी एक. तुमचा लिहिलेला सी म्हणजे पियानोचा बी फ्लॅट, सप्तकासह मोजलं तर मेजर नाइन्थने खालचा. परीक्षेत कॉन्सर्ट पिच (पियानोवरची स्वरनावं) मागतात आणि बोटं टेनरच्या पट्टीत विचार करतात. या दोन्हींमध्ये भाषांतर करत बसलात की वेळ जातो. पायऱ्या लिहा (२ मायनर, ५ सेव्हन, १ मेजर), पट्टी एकदाच ठरवा, शेवटच्या दोन मिनिटांत कॉन्सर्ट पिचमध्ये उतरवा.

तयार मिळणाऱ्या उतरवलेल्या सोलोंच्या प्रती स्वतःचं पूर्ण होईपर्यंत उघडू नयेत. त्यांत चुका असतात हे एक. दुसरं म्हणजे कागदावर बी फ्लॅट दिसला की कानाला बी फ्लॅटच ऐकू येतो.

दोनवर_चारवर

इतका वेळ सगळे स्वरांबद्दलच बोलताहेत. चौथ्या बारपर्यंत पत्ता लागत नाही असं मूळ प्रश्नात आहे. अशा वेळी हार्मनी हरवण्याआधी बऱ्याचदा बारच हरवलेला असतो.

मेट्रोनोम २ आणि ४ वर लावून ट्यून गा. मग बारला एकच ठोका, फक्त ४ वर. मग दोन बारांत एक. फॉर्म डळमळला तर तिथेच कळतं. मग अशी रेकॉर्डिंग घ्या ज्यात चार-चार बारांची देवाणघेवाण आहे, आणि ड्रमच्या चार बारांत चाल मनात चालू ठेवा. परत सगळे येतील तेव्हा तुम्ही त्याच ठोक्यावर आहात का, एवढंच तपासायचं.

परीक्षेत सर्रास दिसणारी चूक: पियानो पुढच्या बारची कॉर्ड चौथ्या ठोक्याच्या ‘अँड’वर आधीच टाकतो, आणि ऐकणारा ती या बारात लिहितो. ती पुढच्या बारची आहे. चार्ल्सटनचा ठेका (१ आणि २ चा ‘अँड’) हाताने वाजवत पायाने चार ठोके चालू ठेवा. मग तोच नमुना एकेका एट्थने पुढे सरकवत आठही जागांवरून वाजवा. हे पाय न अडखळता जमलं की अँटिसिपेशन (अशी आधीच टाकलेली कॉर्ड) म्हणजे अँटिसिपेशन असंच ऐकू येतं.

स्विंग एट्थचं प्रमाण २:१ असं छापलेलं असतं, पण ते लयीप्रमाणे बदलतं. संथ लयीत पहिला भाग आणखी लांबतो, जलद लयीत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. त्यामुळे जलद ट्यूनचा ताल उतरवताना ट्रिपलेट शोधत बसू नका.

दुसरंवर्ष_टेनर

खूप आभार, ए चे आठ बार तीनदा ऐकायला मिळतात हा हिशेब कुणी असा मांडलाच नव्हता. दोन शंका राहिल्या. बी हाफ डिमिनिश्ड आणि डी मायनर सिक्स्थ कानाला एकच वाटतात. आणि जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवलं की नुसतं जी ऑल्टर्ड (वरचे स्वर चढवून-उतरवून बदललेला जी सेव्हन) वाजवलं, हेही कळत नाही. यासाठी वेगळा सराव काय?

खालचा_ई

एकच वाटतात कारण एकच आहेत: बी-डी-एफ-ए. बेस बीवर असेल आणि पुढे ई सेव्हन येत असेल तर हाफ डिमिनिश्ड, मायनर २-५. बेस डीवर असेल आणि पुढे जीकडे जात असेल किंवा तिथेच रेंगाळत असेल तर मायनर सिक्स्थ. सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हनचंही तेच. डी फ्लॅट सेव्हन आणि जी ऑल्टर्डमध्येही थर्ड-सेव्हन्थ तेच दोन, एफ आणि बी (डी फ्लॅटकडून लिहिताना सी फ्लॅट), फक्त भूमिका उलट. बेस डी–डी फ्लॅट–सी असा अर्ध्या स्वरांनी उतरला तर सब्स्टिट्यूशन (जी सेव्हनच्या जागी पर्यायी कॉर्ड), जीवरून सीवर उडी मारली तर ऑल्टर्ड. वेगळा सराव नको, बेस गा.

कोमल_नी

थोडी भर. सी आणि डी मायनर सेव्हनच्या मध्ये येणारा सी शार्प डिमिनिश्ड म्हणजे मूळ स्वर नसलेला ए सेव्हन फ्लॅट नाइन्थच. ते दोन वेगळे ओळखायचा आटापिटा नको, दोन्हींत कोमल रे चढून रे होतो. ते ऐकलंत की काम झालं.

ऑल्टर्ड रंग मात्र वेगळे ओळखायला शिका, त्यासाठी डाव्या हातात फक्त सी-ई-बी फ्लॅट धरा आणि वर ट्रायड (तीन स्वरांची कॉर्ड) गा. डी मेजर ट्रायड गायलात तर नाइन्थ, शार्प इलेव्हन्थ, थर्टीन्थ मिळतात, हा उजळ रंग. ए फ्लॅट मेजरमधून फ्लॅट थर्टीन्थ आणि शार्प नाइन्थ. जी फ्लॅट मेजरमधून शार्प इलेव्हन्थ आणि फ्लॅट नाइन्थ. ए मेजरमधून थर्टीन्थ आणि फ्लॅट नाइन्थ एकत्र. सुटे टेन्शन (नाइन्थ, थर्टीन्थ असे वरचे स्वर) गायले तर ते लटकतात. ट्रायड म्हणून गायले की गळ्यात बसतात.

गाईडटोन

पाऊण तासाची वाटणी राहिली. १० मिनिटं पट्टीतल्या पायऱ्या आणि परके स्वर घरी आणणं. १० मिनिटं गाईड टोन, रोज सहा पट्ट्या. १५ मिनिटं सोलोचं गाणं, दोन ते चार बार. उरलेली १० मिनिटं एका अनोळखी ट्यूनचा फक्त बेस, चारच वेळा ऐकून, परीक्षेसारखं. कमी वेळ मिळाला तर सोलो कापा, गाईड टोन कापू नका. आठवड्यातून एकदा बरोबरच्या विद्यार्थ्याबरोबर बसा: एकाने पियानोवर आठ बार कॉर्ड वाजवायच्या, दुसऱ्याने पाठ करून गायचं, मग अदलाबदल. स्वतः रेकॉर्ड केलेले प्रश्न दोन-तीन दिवसांत पाठ होतात, दुसऱ्याने वाजवलेले होत नाहीत.